अनलंकृतांची नावे : साध्या रंगाच्या प्राण्यांचे मराठी नामकरण व वर्णन

मराठीतील अलीकडच्या पक्षिसूचींत 'साधा वटवट्या' असे एक नाव आढळते. उसाचा फड, उंच गवताचा बांध, ओढ्याकाठची लव्हाळी अशा ठिकाणी वावरणारा हा चिमणीहूनही लहान पक्षी आहे. पाठ फिकट तपकिरी, पोट पिवळसर पांढरे, डोळ्यावर फिकट भुवईची रेघ आणि देहाच्या मानाने लांब, पायऱ्यापायऱ्यांची शेपटी, एवढेच त्याचे दर्शनी वर्णन करता येते. इंग्रजीत त्याला 'प्लेन प्रिनिया' म्हणतात. शास्त्रीय नाव 'प्रिनिया इनॉर्नाटा'. लॅटिनमधील 'इनॉर्नाटा' या विशेषणाचा अर्थ 'न सजलेली', आपल्या काव्यशास्त्राच्या परिभाषेत बोलायचे तर 'अनलंकृत'. लॅटिनमधून इंग्रजीत आणि इंग्रजीतून मराठीत आलेले हे नाव पक्ष्याजवळ काय आहे हे सांगत नाही. काय नाही तेवढे सांगते.

नाव हे भाषेतील सर्वांत लहान वर्णन असते. लेखकाच्या वर्णनशैलीची चिकित्सा आपण ज्या निकषांनी करतो, त्याच निकषांनी नावांचीही चिकित्सा करता येते, आणि ती केली पाहिजे, अशी प्रस्तुत लेखामागील भूमिका आहे. तुरा, पट्टा, झळाळी असे काहीही ज्याच्या अंगावर नाही अशा प्राण्याला नाव देताना भाषा कशाचा आधार घेते, एवढाच मर्यादित प्रश्न येथे विचारात घेतला आहे. विवेचन मुख्यतः पक्ष्यांचे आहे. कारण मराठीत लोकनावांची सर्वाधिक समृद्धी आणि प्रमाणीकरणाची सर्वाधिक घाई, दोन्ही पक्ष्यांच्याच बाबतीत दिसून येतात.

या नावाचा इतिहास महाराष्ट्राशी जोडलेला आहे. मुंबई इलाख्याच्या सैन्यातील अधिकारी विल्यम हेन्री साइक्स याने दख्खनमध्ये सांख्यिकी माहिती गोळा करण्याचे काम करीत असताना येथील प्राण्यांच्याही नोंदी केल्या. दख्खनमधील पक्ष्यांची त्याची सूची १८३२ मध्ये लंडनच्या प्राणिशास्त्रीय संस्थेच्या कार्यवृत्तात प्रसिद्ध झाली. तीत त्याने वटवट्याच्या दोन जातींना प्रथमच शास्त्रीय नावे दिली. एक 'इनॉर्नाटा' आणि दुसरी 'सोशियालिस', म्हणजे सहवासप्रिय. ही दुसरी जात आपल्या बागांतून सर्रास दिसणारा राखी वटवट्या होय. एकाच निरीक्षकाने, एकाच वर्षी, एकाच कुळातील दोन पक्ष्यांना नावे दिली; त्यांपैकी एकाला त्याचा स्वभाव मिळाला आणि दुसऱ्याला नुसता नकार. साइक्सने हे पक्षी जिवंत पाहिले होते, ही गोष्ट येथे महत्त्वाची आहे. पाहणे प्रत्यक्ष असले, तरी नामकरणाचे संकेत मात्र संग्रहालयाच्या खणांत तयार झालेले होते. खणात ठेवलेल्या पेंढा भरलेल्या कातड्याला आवाज नसतो, चाल नसते, घरटे नसते. त्याच्यापाशी फक्त रंग आणि माप उरते. त्यातून रंगही डोळ्यांत भरण्याजोगा नसेल, तर नाव देणाऱ्यापुढे अभावाची नोंद करण्याचा सोपा मार्ग तेवढा राहतो.

त्याच सूचीतील आणखी दोन उदाहरणे पाहण्यासारखी आहेत. करड्या रंगाच्या मोठ्या सातभाईला साइक्सने 'माल्कमी' असे नाव दिले. सर जॉन माल्कम हे १८२७ ते १८३० या काळात मुंबई इलाख्याचे गव्हर्नर होते. पक्ष्याच्या अंगावर पकडण्यासारखे काही नसले, म्हणजे गव्हर्नरसाहेबांची आठवण ठेवायला जागा मोकळी मिळते, असे कोणी म्हटल्यास त्याला दोष देता येणार नाही. दुसरे उदाहरण कड्याकपाऱ्यांत आणि किल्ल्यांच्या भिंतींवर मातीची वाटीसारखी घरटी बांधणाऱ्या काळपट तपकिरी पाकोळीचे. आता ती शहरांतील इमारतींवरही घरटी करते. तिला साइक्सने 'कॉन्कलर', म्हणजे एकरंगी, म्हटले. परंतु ही पाकोळी हवेत गिरकी घेताना शेपटी पसरते, तेव्हा शेपटीच्या टोकाजवळ पांढऱ्या ठिपक्यांची ओळ दिसते. मिटलेल्या शेपटीत हे ठिपके सहसा लक्षात येत नाहीत. जी एकरंगी ठरली ती स्थिर पाकोळी होय; उडणारी पाकोळी एकरंगी नाही.

साळुंकीची कथा तर याहून बोलकी आहे. लिनियसने १७६६ मध्ये 'सिस्टेमा नॅचुरी'च्या बाराव्या आवृत्तीत तिला 'पॅराडिसिया ट्रिस्टिस' असे नाव दिले. लिनियस भारतात कधीही आला नव्हता. 'ट्रिस्टिस' म्हणजे खिन्न, निस्तेज. पिवळी चोच, पिवळे पाय, डोळ्यामागची पिवळी त्वचा आणि पंखांवरचे पांढरे पट्टे मिरवीत, दिवसभर भांडत-ओरडत हिंडणारी साळुंकी खिन्न का ठरावी, हे कोडे तिच्याकडे पाहून सुटत नाही. ते 'पॅराडिसिया' या शब्दाकडे पाहिल्यावर सुटते. न्यू गिनीकडील लखलखीत पिसाऱ्याचे स्वर्गीय पक्षी याच प्रजातीत होते. त्या पंगतीत बसवल्यावर साळुंकी निस्तेज दिसणारच. पुढे शास्त्रज्ञांनी तिची प्रजाती बदलली. 'अॅक्रिडोथेरेस', म्हणजे टोळांची शिकार करणारी, हे तिच्या कामाला साजेसे नाव तिला मिळाले. परंतु नामकरणाच्या नियमानुसार जातिवाचक विशेषण कायम राहिले. तुलना नाहीशी झाली, तुलनेतून निघालेला निवाडा मात्र अडीचशे वर्षांहून अधिक काळ टिकून आहे. 'साधेपणा' हा प्राण्याचा गुण नसून पाहणाऱ्याने निवडलेल्या पंगतीचा परिणाम असतो, याचे इतके स्पष्ट उदाहरण दुसरे सापडणे कठीण.

आता मराठीतील जुन्या नावांकडे वळू. 'वटवट्या' हे नाव आवाजावरून आणि त्या आवाजाच्या सातत्यावरून आले आहे. ते उच्चारताच पक्ष्याचा स्वभाव समोर उभा राहतो. 'सातभाई' हे नाव रंगाविषयी एक अक्षरही बोलत नाही, थव्याविषयी बोलते. हे पक्षी सहासात किंवा अधिकांच्या टोळीने राहतात, एकमेकांची पिसे साफ करतात, आणि घरट्यातील पिलांना जनक पक्ष्यांखेरीज टोळीतील इतरही भरवतात. प्राणिशास्त्र ज्याला सहकारी प्रजनन म्हणते, त्याची चाहूल या नात्याच्या नावात आहे. 'वंचक' हे नाव तर एका वाक्याचे काम करते. तळ्याकाठी मान आखडून बसलेला मातकट ढोकरी बगळा चिखलाशी एकरूप होतो, आणि पाऊल अगदी जवळ पडल्यावर पांढरेशुभ्र पंख उघडून उडतो. मातकट रंग येथे उणीव म्हणून नोंदवलेला नाही. तो पक्ष्याचा डावपेच म्हणून नोंदवला आहे. टिटवी, होला, पिंगळा, शिंपी अशी कितीतरी नावे घेता येतील. पिंगळ्याच्या नावात रंग असला तरी पहाटे दारी येणाऱ्या, भविष्य सांगणाऱ्या पिंगळ्याशी त्याचे नाते मराठी कानाला आधी जाणवते.

साध्या रंगाच्या पक्ष्यांच्या या नावांत ध्वनी, हालचाल, वस्ती आणि नाते यांना रंगाआधी स्थान आहे, असे स्थूलमानाने म्हणता येते. संस्कृत काव्यशास्त्रातील स्वभावोक्तीची चर्चा या संदर्भात उपयुक्त ठरते. दंडीने स्वभावोक्तीला अलंकारांत पहिले स्थान दिले. भामहाने काही जण तिला अलंकार मानतात, अशी सावध नोंद केली. कुंतकाने ती अलंकार असूच शकत नाही, असे प्रतिपादन केले. वस्तूचा स्वभाव हेच जर अलंकार्य, तर त्यालाच अलंकार म्हटल्यावर अलंकृत कशाला करणार, असा त्याचा आक्षेप होता. वादाचा निर्णय काहीही लागो, त्यातून एक गोष्ट हाती येते. जे अनलंकृत आहे ते वर्णनशून्य असते, असे या परंपरेतील कोणीही मानलेले नाही. मम्मटाने स्वभावोक्तीचे लक्षण सांगताना बालकादिकांच्या स्वतःच्या क्रियेचे व रूपाचे वर्णन असे म्हटले आहे. त्याने क्रियेचा उल्लेख रूपाच्या आधी केला, ही गोष्ट कदाचित केवळ छंदाच्या सोयीची असेल. पण वटवट्या आणि वंचक या नावांची घडण नेमकी याच क्रमाने झालेली आहे.

लोकनावे नेहमीच अचूक असतात, असा याचा अर्थ नव्हे. सातभाई सातच नसतात आणि त्यांत बहिणीही असतात. इंग्रजीत त्यांनाच 'सेव्हन सिस्टर्स' म्हटले जाते, त्यामुळे हिशेब फिटला असे समजावे. मांडूळ या एकरंगी तपकिरी सापाचे 'दुतोंड्या' हे नाव अधिक गंभीर उदाहरण आहे. धोका जाणवताच हा साप डोके वेटोळ्याखाली लपवतो आणि बोथट शेपटी डोक्यासारखी पुढे करतो. नावाने ही संरक्षणक्रिया अचूक टिपली, परंतु क्रियेचे रूपांतर अवयवात केले. पुढे त्याच दोन तोंडांभोवती गुप्तधनाच्या अंधश्रद्धा रचल्या गेल्या आणि या निरुपद्रवी सापाची तस्करी होऊ लागली. कोकिळेच्या बाबतीत तर आपल्या काव्याने उघड अन्याय केला आहे. 'कुहू' असा साद घालतो तो काळा नर. गाण्याचे श्रेय मात्र मिळते ते ठिपकेदार तपकिरी मादीला. साध्या रंगाच्या मादीच्या वाट्याला आलेला हा बहुधा एकमेव मान असावा, आणि तोही चुकून!

मादीच्या वर्णनाचा प्रश्न येथे ओघानेच येतो, आणि तो किरकोळ नाही. पक्षिविषयक पुस्तकांत नराचे वर्णन आधी येते आणि मादीचे 'नरापेक्षा फिकट', 'नराची झळाळी नसलेली' अशा नकारांनी उरकले जाते. जांभळ्या सूर्यपक्ष्याची मादी किंवा चिरकाची मादी यांची वर्णने कोणी पडताळून पाहावीत. येथे साधेपणा ही बाकी उरलेली गोष्ट ठरते. वस्तुतः एकोणिसाव्या शतकातच या दृष्टीला आव्हान मिळाले होते. डार्विनने १८७१ मध्ये लैंगिक निवडीचा सिद्धांत विस्ताराने मांडताना नराच्या भडक रंगाचे स्पष्टीकरण शोधले. वॉलेसने मात्र प्रश्न उलटा केला. उघड्या घरट्यात अंडी उबवणाऱ्या मादीला फिका रंग का लाभतो, हेच स्पष्टीकरणाचे खरे स्थळ आहे, असे त्याचे म्हणणे होते. १८६८ मध्ये घरट्यांविषयी लिहिताना त्याने हे दाखवले की, ढोलीत किंवा झाकलेल्या घरट्यात उबवणाऱ्या अनेक जातींत मादीही नरासारखीच रंगीत असते. म्हणजे फिकेपणा हा रंगाचा अभाव नसून मिळवलेली गोष्ट ठरते. ज्या भाषेत 'वंचक' हे नाव घडले, तिला हा विचार परका वाटण्याचे कारण नाही.

आधुनिक संशोधनाने यात आणखी एक भर घातली आहे. बहुतेक पक्ष्यांच्या डोळ्यांत रंगग्राही शंकुपेशींचे चार प्रकार असतात, माणसाच्या डोळ्यांत तीन. अनेक पक्ष्यांना आपल्याला न दिसणारे अतिनील किरण दिसतात. आपल्याला नर-मादी सारखेच दिसणाऱ्या जातींत परस्परांना ते सारखे दिसत असतीलच असे नाही. मग 'साधा' हे विशेषण नेमके कोणाच्या डोळ्याला उद्देशून आहे?

'साधा वटवट्या' या नावातील मराठी शब्दाची निवडही तपासली पाहिजे. इंग्रजी 'प्लेन' आणि मराठी 'साधा' यांच्या अर्थच्छटा सर्वस्वी जुळत नाहीत. मराठीत साधा माणूस म्हणजे निष्कपट माणूस, साधी राहणी हा गुण. पण एसटीची साधी गाडी किंवा साधा डोसा म्हटले की नेहमीचा, प्राथमिक, ज्याच्यावर काही चढवलेले नाही असा प्रकार. पक्ष्याच्या नावात हा दुसराच अर्थ ऐकू येतो. विद्यार्थ्याला सहजच वाटते, की हाच मूळचा आणि सर्वत्र आढळणारा वटवट्या असून बाकीचे त्याचे विशेष प्रकार आहेत. प्रत्यक्षात घराभोवतीच्या बागेत त्याला भेटतो तो बहुधा राखी वटवट्या, आणि 'साध्या'साठी गवतात किंवा उसात जावे लागते. नाव येथे केवळ मुके राहत नाही, तर चुकीच्या दिशेने बोट दाखवते.

आणि तो खरोखर साधा आहे काय? त्याचा पिसारा ऋतूनुसार बदलतो. हिवाळ्यात शेपटी अधिक लांब असते. विणीच्या काळात नराची चोच काळी होते. गवताच्या पात्यांच्या बारीक पट्ट्या काढून तो थैलीसारखे घरटे विणतो. त्यातील अंडी निळसर हिरवट असून त्यांच्यावर गडद तपकिरी डाग आणि केसासारख्या बारीक रेषांची गुंतागुंतीची नक्षी असते. ज्या पक्ष्याला अनलंकृत म्हटले, त्याची अंडी आपल्याकडील लहान पक्ष्यांच्या अंड्यांत सर्वांत अलंकृत म्हणावी अशी असतात. गवतात वस्ती, विणलेली थैली, किड्यासारखा सलग किरकिरणारा आवाज, यांपैकी कशावरूनही नाव घडवता आले असते. 'गवती वटवट्या' असे म्हटले असते तरी विद्यार्थ्याला कोठे पाहावे हे निदान कळले असते.

वर्णनाच्या भाषेतही हीच अडचण आहे. मराठी पक्षिवर्णनांत 'मळकट तपकिरी', 'मळकट पांढरा' ही विशेषणे सढळ हाताने वापरली जातात. मळकट हा रंग नव्हे. ती स्वच्छतेविषयीची तक्रार आहे. 'करडा' हा शब्द कोणी राखाडी रंगासाठी वापरतो, कोणी धुरकट तपकिरीसाठी. असे असताना मराठीत अशा रंगांचे शब्दच कमी आहेत, असे म्हणावे तर तसेही नाही. राखी, धुरकट, उदी, बदामी, मातकट, भुरा, पांढुरका, तांबूस असे कितीतरी शब्द जवळच्या वस्तूंशी नाळ राखून आहेत. 'तपकिरी'च्या मागे तपकीर उभी आहे. जनावरांच्या बाजारात तर हा भेद आणखी सूक्ष्म होतो. खिल्लार बैलांत कोसा आणि काजळी यांतील फरक परक्याला पांढऱ्यातला पांढरा वाटेल, पण घेणाऱ्याला तो लांबून कळतो. घोड्यांच्या वर्णनातील अबलख, पंचकल्याणी हे शब्दही याच जातकुळीचे. जेथे व्यवहार गुंतलेला असतो तेथे भाषेचा डोळा तीक्ष्ण होतो. दारिद्र्य शब्दांचे नाही, लक्ष देण्याचे आहे.

लक्ष दिले म्हणजे काय घडते याचे एक परदेशी उदाहरण प्रसिद्ध आहे. इंग्लंडमधील सेलबोर्न येथील धर्मोपदेशक गिल्बर्ट व्हाइट याने अठराव्या शतकात, दिसायला जवळजवळ एकसारख्या असलेल्या हिरवट-पिवळ्या पर्णवटवट्यांच्या तीन जाती मुख्यतः गाण्यावरून वेगळ्या ओळखल्या. त्याच देशातील आजचे हौशी निरीक्षक अशा पक्ष्यांना विनोदाने 'लिटल ब्राउन जॉब्ज' म्हणतात, आणि आपल्याकडील निरीक्षकांतही हा शब्द रुळला आहे. विनोद निरागस आहे. परंतु ज्या भाषेत वटवट्या, तिरचिमणी, चंडोल अशी वेगवेगळी नावे आधीपासून आहेत, त्या भाषेतील माणसाने या सर्वांना एका गठ्ठ्यात बांधणारा शब्द उसना घ्यावा, यात नुकसान आपलेच आहे.

सालिम अली यांच्या १९४१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'द बुक ऑफ इंडियन बर्ड्स' या ग्रंथाची एक लकब येथे आठवते. प्रत्येक पक्ष्याचा आकार ते परिचित पक्ष्याच्या तुलनेने सांगतात: चिमणीएवढा, साळुंकीएवढा, कावळ्यापेक्षा लहान. मापाचे हे पक्षी बहुतेक साध्या रंगाचे आहेत. रंगीत पक्षी मोजण्यासाठी साधा पक्षी माप म्हणून वापरला जातो, कारण तो सर्वांना ठाऊक असतो. आणि ठाऊक असतो म्हणूनच त्याचे वर्णन कोणी वाचत नाही. महाराष्ट्राने मानचिन्हे निवडताना शेकरू, हरियाल आणि २०१५ मध्ये ब्लू मॉर्मन हे फुलपाखरू निवडले. निवडींविषयी तक्रार नाही. पण तिन्ही मानकरी रंगाने उठून दिसणारे आहेत, हे नोंदवण्यास हरकत नसावी.

मारुती चितमपल्ली (१९३२-२०२५) यांचे कार्य या पार्श्वभूमीवर वेगळे उठून दिसते. 'पक्षिकोशा'त त्यांनी संस्कृत ग्रंथांतील आणि निरनिराळ्या बोलींतील नावे एकत्र आणली. अरण्यात राहणाऱ्या माणसांकडून शब्द घेताना त्यांनी कमीपणा मानला नाही. प्रमाणीकरण आवश्यक आहे, याबद्दल दुमत नाही. एकाच पक्ष्याला प्रत्येक तालुक्यात वेगळे नाव असेल, तर नोंदी जुळणार नाहीत. आक्षेप आहे तो पद्धतीवर. लोकनावांतून निवड करून प्रमाण नाव ठरवणे आणि इंग्रजी नावाचे विशेषण उचलून त्याला मराठी प्रत्यय लावणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. दुसरा मार्ग जलद आहे, आणि साध्या रंगाच्या जातींचे नुकसान त्यानेच सर्वाधिक होते. रंगीत जातीचे भाषांतरित नाव निदान डोळ्यांना काहीतरी सांगते. 'साधा', 'फिका', 'धूसर' ही भाषांतरे ऐकणाऱ्याच्या हाती काहीच देत नाहीत.

हा प्रश्न केवळ शब्दांच्या आवडीनिवडीचा नाही. जैविक विविधता अधिनियम, २००२ अन्वये गावोगावी जैवविविधता व्यवस्थापन समित्यांनी लोकजैवविविधता नोंदवह्या तयार करावयाच्या आहेत. या नोंदवह्यांत स्थानिक नावांना महत्त्वाचे स्थान आहे. राष्ट्रीय हरित लवादाने हे काम पूर्ण करण्यासाठी ३१ जानेवारी २०२० ही मुदत घातल्यानंतर देशभर त्याला वेग आला. मुदतीच्या दडपणाखाली स्थानिक नावाच्या रकान्यात छापील सूचीतील नाव उतरवण्याचा मोह किती मोठा असतो, हे विद्यार्थ्यांचे पर्यावरण प्रकल्प तपासणाऱ्या प्राध्यापकांना वेगळे सांगायला नको. त्या प्रकल्पांत मोर, पोपट, खंड्या यांच्यासाठी स्वतंत्र परिच्छेद असतात आणि शेवटी 'इतर लहान पक्षी' अशी एक ओळ असते. गावाच्या माळावरील निम्म्याहून अधिक जाती त्या एका ओळीत सामावलेल्या असण्याची शक्यता आहे.

माळाची गतही त्या ओळीपेक्षा निराळी नाही. २००० साली प्रथम प्रसिद्ध झालेल्या भारतातील पडीक जमिनींच्या नकाशासंग्रहात झुडपी व चराऊ जमिनींचे अनेक प्रकार 'पडीक' या सदरात घातलेले आहेत. 'इनॉर्नाटा' आणि 'पडीक' या शब्दांची घडण सारखीच आहे. एकात सजावट नाही, दुसऱ्यात पीक नाही. जेथे काही नाही असे आधीच ठरले आहे, तेथे वृक्षलागवड करावी की कारखाना उभारावा, एवढाच प्रश्न शिल्लक राहतो. चंडोल आणि तिरचिमणी यांची घरटी तेथे जमिनीवर असतात, ही बाब त्या प्रश्नात कोठेच बसत नाही. अशा गावाच्या नोंदवहीत एखाद्या मेंढपाळाने किंवा ऊस तोडणाऱ्या बाईने सांगितलेले नाव, मग ते कितीही ओबडधोबड असो, आवाजावरून असो की खोडीवरून, जसेच्या तसे लिहून घेतले जावे, आणि छापील नावाला त्याच्या शेजारी दुसऱ्या रकान्यात जागा द्यावी.